लाकूडकामातल्या फटी भरल्या तरी पुन्हा उघडतात? आधी फट नीट बघा, मग भरा

घराचं काम संपतं, रंग सुकतो, सामान जागच्या जागी लागतं. चार-सहा महिने जातात आणि दाराच्या चौकटीभोवतीच्या पट्ट्यांचे कोपरे उघडू लागतात. स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाशी फरशीलगत लावलेली पट्टी, आणि भिंत यांच्यामध्ये काळी रेघ दिसू लागते. कपाटाच्या पॅनेलच्या कडेला रंग न लागलेल्या लाकडाची बारीक पट्टी डोकावते. मग सुतार येऊन पुट्टी भरतो, रंगारी वरून हात मारून जातो. पुढचे कोरडे दिवस आले की तीच फट त्याच जागी पुन्हा हजर, आणि आधीपेक्षा जास्त डोळ्यांवर येणारी, कारण आता तिच्या कडेला पुट्टीचे सुटलेले तुकडे असतात.

"लाकूड कच्चं होतं" असं म्हणून बहुतेक जण हा विषय सोडून देतात. लाकूड कच्चं असतंही कधी कधी. पण फट वर्षानुवर्षं उघडत राहते ती बहुतेक वेळा चुकीच्या वेळी, चुकीच्या वस्तूने भरल्यामुळे. हे थांबवता येतं, आणि त्यासाठी सगळं लाकूडकाम उखडायची गरज क्वचितच पडते.

लाकूड किती आणि कुठल्या दिशेने आकसतं

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. झाड तोडून कितीही वर्षं झाली तरी हे थांबत नाही. खोलीतली सापेक्ष आर्द्रता बराच काळ ३० टक्क्यांवर राहिली तर लाकडातला ओलावा ६ टक्क्यांच्या आसपास येऊन स्थिरावतो. आर्द्रता ५० टक्के असेल तर ९, ६५ टक्के असेल तर १२, आणि ८० टक्के असेल तर साधारण १६ टक्के. लाकडात २८ ते ३० टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असेपर्यंत त्याचं माप बदलत नाही. त्याखाली उतरलं की प्रत्येक टक्क्यामागे ते थोडं थोडं आकसतं.

हे आकसणं सगळीकडे सारखं नसतं. रेषांच्या दिशेने, म्हणजे पट्टीच्या लांबीत, ते नगण्य असतं: ओल्या लाकडापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत ०.१ ते ०.२ टक्के. रुंदीत मात्र चांगलंच आकसतं. सागवान पूर्ण सुकेपर्यंत खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या कडेकडेने सुमारे ५.८ टक्के आकसतं आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत सुमारे २.५ टक्के. सागवान हे कमी हलणाऱ्या लाकडांपैकी आहे. रेड ओकचे हेच आकडे ८.६ आणि ४ आहेत.

आता एक पट्टी घ्या. सागवानाची, १५० मिमी रुंद, सरळ चिरकामातून निघालेली, म्हणजे जिच्या रुंदीत वर्तुळांच्या कडेकडेचं आकसणं येतं अशी. बसवली तेव्हा ओलावा १४ टक्के होता, घर सुकल्यावर ९ वर आला. ५.८ भागिले ३० म्हणजे दर टक्क्याला ०.१९. पाच टक्क्यांचे झाले जवळपास १ टक्का, आणि १५० मिमीचा १ टक्का म्हणजे दीड मिलिमीटर. तेवढीच पट्टी ओकची असती तर २ मिमीच्या वर. दीड मिलिमीटरची फट समोरच्या भिंतीजवळ उभं राहूनही दिसते. म्हणजे चांगलं लाकूड, चांगला सुतार असूनही ती पडणार होती.

नूतनीकरणानंतर हे जास्त का होतं, तर कामाच्या दिवसांत घरात पाणीच पाणी असतं. प्लास्टर, लादीखालचा कोबा, टाइल बसवायचं मिश्रण, पाण्याचा रंग, या सगळ्यांतलं पाणी हवेत जातं. सिमेंटच्या कोब्याचा साधा ठोकताळा असा की तो ५० मिमी जाडीपर्यंत दिवसाला १ मिमी सुकतो, त्यापुढे आणखी सावकाश. म्हणजे ५० मिमीच्या कोब्याला चांगल्या हवेतही साधारण पन्नास दिवस हवेत. इतकं थांबायची कुणाची तयारी नसते. फरशी झाली की लगेच सुतार आत येतो, आणि वखारीतून बऱ्यापैकी सुकून आलेलं लाकूडसुद्धा त्या दमट खोलीत पुन्हा ओलावा पिऊन फुगतं. फुगलेल्या मापावर सगळे सांधे घट्ट जमवले जातात. नंतर खिडक्या बंद होतात, एसी किंवा हीटर सुरू होतो, आणि लाकूड आपल्या खऱ्या मापावर येतं. म्हणून पहिल्या कोरड्या ऋतूतल्या फटी बहुधा सगळ्यांत मोठ्या असतात.

फट कुठून उघडली ते बघा

४५ अंशात कापून जोडलेला कोपरा सगळ्यांत जास्त माहिती देतो. दाराच्या चौकटीवर वरची आडवी पट्टी आणि बाजूची उभी पट्टी अशा जोडलेल्या असतात. पट्टी रुंदीत आकसली, लांबीत नाही, त्यामुळे ४५चा काप ४५चा उरत नाही, जरा अणकुचीदार होतो. दोन्ही पट्ट्या १ टक्का आकसल्या तर प्रत्येक कोन सुमारे ०.३ अंशाने कमी होतो. बाहेरचं टोक टेकलेलं राहतं आणि आतल्या बाजूला, दार असतं त्या बाजूला, पाचरीच्या आकाराची फट पडते. ७५ मिमी रुंदीच्या पट्टीत ती आतल्या टोकाला सुमारे १ मिमी भरते.

कोपरा आतून उघडा आणि बाहेरून घट्ट, तर लाकूड सुकलं आहे. बाहेरून उघडा आणि आतून घट्ट असेल तर उलट: लाकूड सध्या बसवताना होतं त्याहून दमट आहे. ही दुसरी फट त्या वेळी भरायलाच जाऊ नका. हवा कोरडी झाली की ती आपोआप मिटते आणि भरलेला माल बाहेर ढकलते. कोपऱ्याची फट आतून बाहेरपर्यंत एकसारख्या जाडीची असेल तर मात्र आकसण्यापेक्षा खिळे सुटल्याची शंका घ्या. पट्टी हाताने दाबून पाहा. हलली तर आधी ती पक्की करा.

स्कर्टिंग आणि फरशीमधली फट बऱ्याचदा स्कर्टिंगच्या उंचीतल्या आकसण्यातून येते, कारण उंची हीच त्या पट्टीची रुंदी. ती भिंतीला वरच्या कडेजवळ ठोकलेली असेल तर सगळं आकसणं खालच्या कडेला जमा होतं.

पॅनेलच्या कडेला कोऱ्या लाकडाची रेघ दिसणं हा खरं तर चांगल्या कामाचा पुरावा आहे. याचा अर्थ पॅनेल चौकटीच्या खाचेत मोकळं आहे आणि आकसताना सरकलं आहे. पॅनेल मधोमध चिरलं असेल तर ते कुठेतरी अडकलंय. कुणीतरी खाचेत डिंक घातला असेल, किंवा रंगाच्या जाड थराने ते चौकटीला चिकटून बसलं असेल.

एमडीएफचा, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या बोर्डाचा, हिशोब वेगळा आहे. त्याला रेषा नसतात, त्यामुळे ते रुंदीत भरीव लाकडापेक्षा कमी आणि लांबीत त्याच्यापेक्षा जास्त हलतं. म्हणून लांब भिंतीवरच्या एमडीएफ स्कर्टिंगची फट कोपऱ्यात किंवा दोन तुकडे टोकाला टोक जोडलेत तिथे दिसते.

घाई नको, आधी मोजा

फट भरण्याआधी ती अजून वाढतेय की थांबली हे कळायला हवं. फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा संच, असेल तर उत्तम. नसेल तर ८० जीएसएमचा साधा छपाईचा कागद चालतो, त्याची जाडी सुमारे ०.१ मिमी असते. कागदाच्या घड्या एकावर एक ठेवून फटीत अलगद किती पदर जातात ते मोजा. सात पदर गेले तर फट साधारण ०.७ मिमी. चौकटीच्या आडोशाला पेन्सिलीने तारीख आणि आकडा लिहून ठेवा, शेजारी त्या दिवशीची खोलीतली आर्द्रताही. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच करा.

आर्द्रता मोजायला छोटा हायग्रोमीटर लागतो. तो खरं सांगतोय की नाही हे तपासायचं असेल तर एका झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला, आणि ते झाकण व हायग्रोमीटर एका हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. काटा ७० दाखवत असेल तर पुढच्या नोंदींत ५ मिळवून वाचायचं.

आकडे अजून वाढत असतील तर थांबा. घर सुकायचं बाकी आहे. मला विचाराल तर नव्या कामाच्या फटी पहिला पूर्ण कोरडा ऋतू जाईपर्यंत भरूच नयेत. फार डोळ्यांत खुपत असतील तर सहज निघेल असं काही तात्पुरतं भरा, पण शेवटचा रंग नंतरच. कंत्राटदाराला शेवटचा हप्ता देण्याआधी हे काम उरकून घ्यायची घाई होते, ते समजू शकतं. त्याऐवजी हे काम नंतर करून देण्याचं आधीच लेखी ठरवून घ्या.

बारीक फट जास्त त्रास का देते

आता मुख्य मुद्दा. केसाएवढी फट भरायला सोपी वाटते, पण तीच हमखास पुन्हा उघडते.

सीलंट, म्हणजे फटीत भरायचा नळीतला लवचीक माल, किती ताण सहन करतं हे त्याच्या वर्गावरून कळतं. आयएसओ ११६०० या मानकात ७.५, १२.५, २० आणि २५ असे वर्ग आहेत. हा आकडा सांध्याच्या रुंदीच्या टक्क्यांत असतो. म्हणजे १२.५ वर्गाचं सीलंट ८ मिमीच्या सांध्यात १ मिमी ये-जा सहन करेल, पण अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत फक्त ०.०६ मिमी. आपल्या पट्टीची हालचाल मात्र एक-दीड मिलिमीटरची आहे. दमट दिवसांत फट अर्धा मिमी असताना ती भरली आणि कोरड्या दिवसांत ती दीड मिमी झाली, तर सीलंटला मूळ रुंदीच्या तिप्पट ताणायचंय. कुठलंही ट्यूबमधलं सीलंट इथे हार खाणार. मग सिमेंटची वॉल पुट्टी किंवा पीओपीचं काय होणार ते सांगायला नको, त्यांच्यात ताण सहन करायची क्षमताच नसते.

म्हणून तीन गोष्टी पाळायच्या.

पहिली म्हणजे वेळ. फट सगळ्यांत रुंद असते तेव्हा, म्हणजे कोरडे दिवस मुरल्यावर लवचीक माल भरायचा. तिथून पुढे तो फक्त दाबला जाईल, ताणला जाणार नाही.

दुसरी, मालाला पसरायला जागा द्यायची. स्कर्टिंगची वरची कड आणि भिंत यांच्या खोबणीत सीलंट भरताना ते ओल्या बोटाने पार पुसून काढायची सवय असते. कडेला कागदासारखा पातळ झालेला तो थर सगळ्यांत आधी फाटतो. त्याऐवजी दोन्ही पृष्ठभागांवर साधारण ६ मिमी बसेल असा तिकोनी थर ठेवा. त्या थराला ताणायला पुरेसं अंग मिळतं. फट ३-४ मिमीपेक्षा रुंद असेल तर आत आधी फोमची गोल दोरी, म्हणजे बॅकर रॉड दाबून बसवा. सीलंट फक्त दोन बाजूंना चिकटायला हवं. तळालाही चिकटलं तर त्याला मोकळं ताणता येत नाही आणि ते मधूनच फाटतं.

तिसरी, माल योग्य निवडायचा. रंग द्यायच्या लाकडाला रंग बसणारं अ‍ॅक्रिलिक सीलंट घ्या. लवचीकतेचा आकडा नळीवर छापलेला असेल तर तो बघून घ्या. साधं सिलिकॉन इथे नको. त्यावर रंग धरत नाही, आणि खरवडून काढल्यावर उरणाऱ्या अंशावरही धरत नाही. अ‍ॅक्रिलिकमधलं पाणी उडालं की ते खाली बसतं, त्यामुळे दुसरा हात लागेल हे धरून चला. पूर्ण सुकायच्या आधी वरून रंग दिला तर रंगाच्या थरावर बारीक जाळीदार भेगा येतात. निदान एक दिवस थांबा, जाड थराला त्याहून जास्त.

जुना माल ठेवून त्यावर नवा भरू नका. धारदार कटरने दोन्ही कडांवरून चिरून तो पट्टीसारखा ओढून काढा, ब्रशने धूळ झाडा, ओलसर फडक्याने पुसा, सुकू द्या. या कामाला भरण्यापेक्षा दुप्पट वेळ लागतो आणि टिकण्याचं निम्मं श्रेय यालाच असतं.

४५च्या कोपऱ्यांना सीलंट लावू नका

निदान जिथे फट नजरेसमोर आहे तिथे तरी नको. पॉलिश केलेल्या लाकडात तर अजिबातच नको. आणि कडक पुट्टीही नको, त्याचं कारण जरा बघण्यासारखं आहे. कोपऱ्याची आतली पाचर तुम्ही कोरड्या दिवसांत कडक मालाने ठासून भरलीत. दमट दिवसांत पट्ट्या फुगल्या, आतल्या टोकाला जागा उरली नाही, म्हणून त्या एकमेकींना रेटायला लागल्या. पट्ट्या आतल्या टोकावर टेकून फिरतात आणि आता कोपरा बाहेरून उघडतो. सुतार येऊन बाहेरची फट भरतो. पुढच्या वर्षी पुन्हा आतून. असं दोन-तीनदा झालं की खिळे सैल होतात.

रंगकामातल्या कोपऱ्यासाठी लाकडाचीच बारीक चीप वापरा. विनीअरची किंवा रंध्याने काढलेली पातळ सालपट पाचरीच्या आकारात कापा, तिच्या एकाच बाजूला डिंक लावा आणि हलकेच सरकवा. ठोकून बसवू नका. डिंक सुकला की धारदार पटाशीने पट्टीच्या पातळीत कापा, वरून पॉलिश पेपरचा एक हलका हात. एका बाजूला मोकळी असल्यामुळे चीप सांध्याला बांधून ठेवत नाही. वरून उरलेल्या रेघेत लवचीक माल अगदी थोडासा.

पॉलिशच्या लाकडाला रंगीत मेणाची कांडी उत्तम. मेण मऊच राहतं, दाबलं गेलं तर पुसून पुन्हा भरता येतं. लाकडाचा भुसा आणि पांढरा डिंक कालवून भरायची पद्धत सगळीकडे दिसते. ती मी सुचवणार नाही. डिंक रंगछटा शोषत नाही, त्यामुळे तेवढा ठिपका पॉलिशनंतर वेगळा उठून दिसतो, आणि हे मिश्रण कडकही होतं.

कोपरा २ मिमीच्या वर उघडला असेल आणि लाकूड आता स्थिर असेल तर सरळ ती पट्टी काढून काप नव्याने द्या. गुण्या लावून बघा, काप ४५चा उरलेला नसतो. बसवताना दोन्ही कापलेल्या तोंडांना आधी डिंकाचा पातळ हात द्या, तो मुरू द्या, मग पुन्हा डिंक लावून जोडा. आडव्या कापलेल्या लाकडाची तोंडं डिंक पिऊन टाकतात आणि पहिल्याच हातात सांधा उपाशी राहतो.

पॅनेलची रेघ

इथे काहीच भरायचं नाही. सगळ्यांत कोरड्या दिवसांत पॅनेल आत सरकलेलं असतं, तेव्हा ती कोरी रेघ बारीक ब्रशने रंगवा. त्याआधी पॅनेल आणि चौकट यांच्या मधल्या रंगावर कटरची धार फिरवून घ्या म्हणजे दोघं सुटी होतील. नवं काम करत असाल तर पॅनेल चौकटीत घालण्याआधीच सगळ्या बाजूंनी रंगवून घेतलं की हा प्रश्नच येत नाही.

पुढच्या कामात

ओली कामं पूर्ण सुकल्याशिवाय लाकूड घरात आणू नका, आणि आणल्यावर बसवण्याआधी पट्ट्यांमध्ये काड्या घालून, हवा खेळेल असं त्याच खोलीत रचून ठेवा. मॉइश्चर मीटर सुताराकडे असायला हवा. नसेल तर एक तुकडा वजन करून १०३ अंश सेल्सिअसला वजन कमी होणं थांबेपर्यंत सुकवा. कमी झालेलं वजन भागिले कोरडं वजन, गुणिले १००, हा ओलाव्याचा टक्का.

स्कर्टिंगच्या आतल्या कोपऱ्यांना ४५चा काप देऊ नका. एक पट्टी सरळ भिंतीला भिडवा आणि दुसरीचं तोंड पहिलीच्या नक्षीप्रमाणे कोरून तिच्यावर बसवा. आकसली तरी फट समोरून दिसत नाही. लांब भिंतीवर दोन तुकडे जोडताना तिरका काप द्या. लाकडी फरशी असेल तर खालची बीडिंग स्कर्टिंगला ठोका, फरशीला नाही, नाहीतर फरशी हलताना बीडिंगला ओढत नेते. रुंद फळी एका कडेला पक्की करा आणि दुसऱ्या कडेला स्क्रूसाठी लांबट भोक ठेवा. पट्ट्यांच्या मागच्या बाजूलाही प्रायमरचा हात द्या. त्याने हालचाल थांबत नाही, पण दोन्ही बाजूंनी ओलावा सारख्या गतीने जातो आणि पट्टी वाकडी होत नाही.

जेव्हा फट लाकडाची नसते

दाराच्या कोपऱ्यातून भिंतीत तिरकी वर जाणारी भेग, एका टोकाला रुंद होत जाणारी उभी फट, अचानक घासू लागलेलं दार: हे एकत्र दिसलं तर चौकट किंवा भिंत हलते आहे. तिथे सुतार नको, स्थापत्य अभियंत्याला बोलवा. स्कर्टिंग फटीजवळ मऊ लागत असेल, रंगाला फोड असतील किंवा डाग असतील तर मागे पाणी मुरतंय, आणि लाकूड ठोकल्यावर पोकळ वाजलं, मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. अशा फटी काहीही भरून झाकू नका, कारण उघडी जागा दिसत असते तेव्हाच मागे काय चाललंय ते सापडतं.